प्लास्टिकच्या बोर्डावरचं व्हिनाइल सुटू नये म्हणून

व्हिनाइल म्हणजे पाठीला गोंद असलेली, छापून बोर्डावर चिकटवायची प्लास्टिकची फिल्म. सुटलेलं व्हिनाइल लगेच फेकून देऊ नका. आधी त्याची पाठ बघा. नेमकं कुठे चुकलं ते तिथे बहुतेक वेळा स्पष्ट दिसतं, आणि ते न बघता तोच प्रिंट त्याच पद्धतीने पुन्हा लावला तर तो पुन्हा सुटणार.

पाठीवरचा गोंद अखंड आणि चकचकीत आहे, बोर्ड मात्र कोरा आहे, तर गोंद बोर्डाला कधी धरलाच नव्हता. अशा वेळी बोर्डाचं प्लास्टिकच गोंद न धरणारं असतं, किंवा त्यावर तेल, सिलिकॉन, हाताचा घाम असं काही असतं, किंवा काम फार थंडीत झालेलं असतं. पाठ पिठाळ लागत असेल तर धूळ, नाहीतर जुन्या बोर्डाची उन्हाने झालेली भुकटी. उलट गोंद बोर्डावर राहिला आणि फिल्म कोरी निघाली, तर गोंद फिल्मपासून सुटलाय: रोल फार जुना होता, किंवा शाईतल्या सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) गोंद मऊ पडला. प्रिंटच्या चारही बाजूंनी एक-दोन मिलिमीटरची मळकट, चिकट रेघ उघडी दिसत असेल तर फिल्म आकसली आहे. फक्त गडद रंगाच्या कडाच वळल्या असतील तर शाई वाळायच्या आत लॅमिनेशन (प्रिंटवर पारदर्शक फिल्म चढवणं) किंवा कटिंग झालं. आणि कडा ठीक, पण मधे गोल फुगे आले असतील तर ती हवा बोर्डातूनच बाहेर येत आहे.

या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ‘जास्त चिकट व्हिनाइल घ्या’ हे यातल्या एक-दोन दुखण्यांवरच लागू पडतं.

बोर्ड कशाचा आहे

गोंद पृष्ठभागावर पसरतो की आक्रसतो हे प्लास्टिकच्या पृष्ठ-ऊर्जेवर ठरतं. ती डाइनमध्ये मोजतात. पॉलिकार्बोनेट साधारण ४२ ते ४६, ॲक्रिलिक आणि पीव्हीसी ३८ ते ४१ च्या आसपास. यांवर सामान्य व्हिनाइल नीट बसतं. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र २९ ते ३१ वर असतात. त्यांना हात लावला तर किंचित मेणकट वाटतं, आणि गोंदालाही ते तसेच वाटतात.

सरसकट सनबोर्ड म्हणतात तो फोम पीव्हीसी असतो, त्यामुळे तिथे काळजी कमी. आत नळ्या असलेली पोकळ, हलकी शीट, जिला सनपॅक म्हणतात, ती पॉलिप्रॉपिलीनची. बोर्ड कशाचा आहे हे कळत नसेल तर कोपऱ्यातून भरीव प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पॉलिस्टायरिन, एबीएस, भरीव पीव्हीसी बुडतात. फोम पीव्हीसी आतल्या हवेमुळे तरंगतो, पण त्याची कापलेली कड बारीक छिद्रांची दिसते, म्हणून गोंधळ होत नाही. पोकळ शीटचा तुकडा घेताना नळीत हवा अडकू देऊ नका. एका भिंतीची चकती कापून घ्या.

दुसरी झटपट चाचणी पाण्याची. स्वच्छ पुसलेल्या बोर्डावर थोडं पाणी ओता. पातळ थर होऊन काही सेकंद टिकला तर उत्तम. लगेच थेंब-थेंब होऊन वेगळं झालं तर एकतर प्लास्टिक कमी ऊर्जेचं आहे किंवा पृष्ठभाग तेलकट आहे. पुन्हा पुसून तेच झालं तर दोष प्लास्टिकचा.

छपाईसाठी विकली जाणारी पॉलिप्रॉपिलीनची पोकळ शीट कारखान्यात कोरोना प्रक्रिया करून येते, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी तिची पृष्ठ-ऊर्जा वाढवलेली असते. ही वाढ कायमची नसते. महिन्यागणिक उतरत जाते. वर्षभर गोदामात पडलेली शीट आणि ताजी शीट दिसायला सारखीच, पण व्हिनाइलच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू. डाइन पेन, म्हणजे ठरावीक डाइनच्या शाईचं चाचणी-पेन, जवळ ठेवा: ३८ च्या पेनची रेघ सलग राहिली तर शीट वापरा, तुटून थेंब झाले तर ती बाजूला काढा. पेन नेहमी कापून टाकायच्या भागावर चालवा, कारण त्याची शाईही गोंदाच्या वाटेत येते.

बोर्ड पॉलिइथिलीनचा असेल तर सरळ सल्ला: बोर्ड बदला, किंवा त्यावर स्क्रूने पातळ पीव्हीसी अथवा ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल बसवून व्हिनाइल त्यावर लावा. प्रायमर (गोंदाची पकड वाढवणारा आधीचा थर), ज्वालेने पृष्ठभाग शेकणं, जास्त गोंदाची फिल्म हे सगळं शक्य आहे, पण बाहेर उन्हापावसात टिकायच्या बोर्डासाठी ही ओढाताण फायद्याची नाही.

फिल्म: स्वस्त का सुटते

पीव्हीसी व्हिनाइल दोन पद्धतीने बनतं. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून लाटून, ओढून पातळ करतात. त्या ओढीचा ताण फिल्ममध्ये साठून राहतो आणि ऊन लागलं की फिल्म मूळ आकाराकडे परतू पाहते. कास्ट फिल्म द्रवरूपात कागदावर ओतून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिच्यात ताण जवळजवळ नसतोच. कॅलेंडर्डमध्ये पुन्हा दोन प्रकार. मोनोमेरिक फिल्ममधला प्लास्टिसायझर, म्हणजे फिल्म मऊ ठेवणारा घटक, लहान रेणूंचा असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो, फिल्म कडक होते, आकसते आणि झिरपलेला अंश गोंदातही मिसळतो. पॉलिमेरिकमधले रेणू मोठे असल्याने ते जागेवर राहतात.

जाडीवरून ढोबळ अंदाज येतो: मोनोमेरिक ८० ते १०० मायक्रॉन, पॉलिमेरिक ७० ते ८०, कास्ट ५० ते ६०. जाड म्हणजे मजबूत असा समज इथे उलटा पडतो. जाड, ताठ फिल्म आकसताना कडेला जास्त जोर लावते.

घरातला किंवा काही महिन्यांचा सपाट बोर्ड असेल तर मोनोमेरिक चालतं. बाहेरच्या बोर्डाला निदान पॉलिमेरिक वापरा. कडेवरून मागे वळवायचं असेल, पृष्ठभागाला खोली-उंची असेल किंवा बोर्ड वर्षानुवर्षं राहणार असेल तर कास्ट. लॅमिनेटही त्याच जातीचं हवं. कास्ट प्रिंटवर मोनोमेरिक लॅमिनेट चढवणं म्हणजे चांगल्या फिल्मला आकसायला शिकवणं.

गोंदाचा प्रकारही लेबलवर वाचा. ‘रिमूव्हेबल’ फिल्म बोर्डासाठी नाहीच. पॉलिप्रॉपिलीनसाठी कमी पृष्ठ-ऊर्जेच्या प्लास्टिकवर चालते असं तपशीलपत्रकात लिहिलेली ‘हाय टॅक’ फिल्म निवडा. रबराच्या गोंदाची फिल्म हाताला पटकन चिकटते म्हणून भुरळ पडते, पण रबराचा गोंद उन्हात टिकत नाही. बाहेरच्या कामाला ॲक्रिलिक गोंदच.

शाई वाळू द्या

सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट प्रिंट हाताला कोरडा लागला तरी आत सॉल्व्हंट उरलेला असतो. तो वर उडून जातो किंवा खाली गोंदात मुरतो. लॅमिनेट चढवलं की वरची वाट बंद. मग गोंद मऊ पडतो, फिल्म फुगून नंतर आकसते आणि कडा वळतात. किमान २४ तास, गडद आणि भरगच्च छपाईला ४८ तास वाळवा. रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर त्या वेळेचा काही उपयोग नाही, आतल्या वेढ्यांतली वाफ अडकूनच राहते. प्रिंट पसरून ठेवा, टांगा, किंवा अगदी सैल गुंडाळी उभी ठेवून हवा खेळू द्या. आकारात कापायचं असेल तर तेही वाळल्यावर. ओल्या प्रिंटची कड कापली की नेमकी तीच कड वळते. लॅटेक्स प्रिंट यंत्रातूनच वाळून येतो. यूव्ही शाईला वाळवण लागत नाही, पण तिचा थर ताठ असतो, म्हणून भरगच्च रंग अगदी कडेपर्यंत न नेता २-३ मिमी कोरी किनार सोडलेली बरी.

लॅमिनेशन करताना वरचा रोल ताणलेला असेल तर लॅमिनेट लांब होऊन चिकटतं आणि नंतर मागे ओढतं. तपासणी सोपी आहे. लॅमिनेट केलेल्या प्रिंटची एक पट्टी कापा, पाठीचा कागद काढा, टेबलावर गोंदाची बाजू वर करून ठेवा. पट्टी लॅमिनेटच्या बाजूला गुंडाळायला लागली तर रोलचा ब्रेक सैल करा. सगळा प्रिंट बोर्डावर लावून मग हे कळण्यापेक्षा पट्टी स्वस्त पडते.

साफसफाई

नव्या शीटची संरक्षक फिल्म काढली म्हणजे ती स्वच्छ असते असं नाही. त्या फिल्मचा गोंद आणि साच्यातून सुटण्यासाठी लावलेला द्रव यांचा अंश राहतो. फिल्म ओढताना तयार होणारी स्थिर वीज खोलीतली धूळ खेचून घेते.

मळका बोर्ड आधी पाणी आणि साध्या साबणाने धुवा. हात मऊ ठेवणारे साबण नकोत, त्यातले तेलकट घटक मागे राहतात. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यासाठी दोन कापडं घ्या. एकाने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्याने अल्कोहोल उडून जायच्या आत टिपायचं. ते आपोआप वाळू दिलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. कापडाची बाजू बदलत राहा. कडेपासूनच्या ५ सेंटीमीटर पट्ट्यावर आणखी एक हात फिरवा, कारण उचलताना बोटं तिथेच लागतात. कोरोना केलेल्या शीटवर अल्कोहोलने जोरजोरात घासू नका. हलका हात पुरे.

थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल प्लास्टिकपासून दूर ठेवा. ॲसिटोन ॲक्रिलिक, पॉलिस्टायरिन आणि एबीएस विरघळवतं, पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं. पेट्रोल तर वर तेलकट थरही सोडतं. अमोनिया असलेला काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटला चालत नाही. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेला अल्कोहोलही लागू देऊ नका. कापण्याच्या उष्णतेने तिथे ताण असतो आणि बारीक तड्यांचं जाळं उमटतं. डॅशबोर्ड किंवा फर्निचर चमकवणारा सिलिकॉन स्प्रे कामाच्या खोलीतच नको. तो हवेतून बोर्डावर बसतो आणि साध्या पुसण्याने जात नाही.

जुन्या बोर्डावर हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर वरचा थर उन्हाने मेलेला आहे. तो बारीक पॉलिश पेपरने काढून, धुऊन, अल्कोहोलने पुसल्याशिवाय त्यावर काहीही लावणं फुकट.

ॲक्रिलिक आणि विशेषतः पॉलिकार्बोनेट ओलावा शोषून ठेवतात आणि ऊन लागल्यावर सोडतात. मोठं काम असेल तर आधी तपासा: शीटच्या तुकड्यावर २५ सेंटीमीटर चौरस व्हिनाइल लावून २४ तास साधारण ६०-६५ अंश सेल्सिअसला ठेवा. फुगे आले तर शीट संरक्षक फिल्म काढून काही दिवस कोरड्या, उबदार जागी मोकळी ठेवून पुन्हा चाचणी घ्या.

लावताना

बोर्ड आणि प्रिंट रात्रभर एकाच खोलीत ठेवा. १८ ते २५ अंश हे सोयीचं तापमान. १० अंशांखाली बहुतेक गोंद पसरतच नाहीत. मोजायचं ते बोर्डाचं तापमान. थंड जागेतून दमट, उबदार खोलीत आणलेल्या बोर्डावर न दिसणारा दव धरतो. उलट उन्हात तापलेल्या बोर्डावर गोंद टेकताक्षणी पकडतो आणि मऊ पडलेली फिल्म हातात ताणली जाते.

ताणणं हा सपाट बोर्डावरच्या कामातला सर्वांत महागडा दोष आहे. सुरकुती घालवायला फिल्म २ मिमी ओढली तर ते २ मिमी ती पहिल्या कडक उन्हात परत मागणार. वाकडं लागलं तर ओढून सरळ करू नका. उचलून पुन्हा लावा.

पाठीचा कागद वरच्या कडेपासून ५ सेंटीमीटर दुमडा, ती पट्टी सरळ चिकटवा, मग कागद खाली ओढत जा आणि स्क्वीजी (फिल्म दाबायची चपटी पट्टी) मागून चालवा. स्क्वीजीला नमद्याची कड लावलेली असावी, कोन साधारण ४५ अंश, प्रत्येक हात मागच्या हातावर अर्धा चढलेला. हा गोंद दाबाने काम करतो. दाबला की तो प्लास्टिकच्या बारीक खळग्यांत शिरतो, न दाबता नुसता टेकवला की उंचवट्यांवरच बसून राहतो. हवा निघून जायला पाठीवर बारीक खाचा असलेली फिल्म तर अधिकच जोराने दाबावी लागते, नाहीतर त्याच खाचांतून कडेने पाणी आत शिरतं.

साबणपाणी फवारून लावायची पद्धत प्लास्टिकच्या बोर्डावर टाळा. फिल्म आणि बोर्ड दोन्हींतून पाणी बाहेर पडायला जागा नसते, आणि नेमक्या कडा सर्वांत उशिरा धरतात. पॉलिप्रॉपिलीनवर तर नकोच. अक्षरांचा प्रिंट ट्रान्सफर टेपने (कापलेली अक्षरं उचलून लावायच्या टेपने) लावला असेल तर टेप पूर्ण मागे दुमडून सावकाश काढा आणि त्यानंतर प्रत्येक अक्षराच्या कडेवर पुन्हा स्क्वीजी फिरवा. टेप निघताना कडा थोड्या उचलतेच.

कडा आणि कोपरे

सुटण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी इथून होते, म्हणून उरलेला वेळ इथेच घाला.

बोर्ड कापल्यावर कडेला बारीक कंगोरा आणि भुसा राहतो. खरवडणीने कंगोरा काढा, भुसा पुसा. फिल्म बोर्डाच्या कडेला बरोबरीने कापू नका; २-३ मिमी आत संपवा. कडेशी जुळवलेली फिल्म उचलताना, रचताना, धुताना प्रत्येक धक्का खाते. कडेवरून वळवायची असेल तर पूर्ण मागे नेऊन २५ मिमी चिकटवा. फोम पीव्हीसीच्या कापलेल्या कडेवरच ती संपवू नका, त्या छिद्राळ कडेवर गोंदाला धरायला जागा फारच थोडी मिळते.

चौकोनी कोपऱ्यात दोन बाजूंची ओढ एकत्र येते आणि धरायला गोंद सर्वांत कमी असतो. ५ ते १० मिमी त्रिज्येचा गोल कोपरा द्या. एवढ्याशा बदलाने जितकी सुटणं थांबतात तितकी महागड्या प्रायमरनेही थांबत नाहीत. फिल्म बोर्डावर ठेवून ब्लेडने कापण्याची सवय सोडा. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर ब्लेडची ओरखड हीच पुढे तड्याची सुरुवात होते.

प्रायमर लावायचा तर कडेच्या २०-२५ मिमी पट्ट्यावर, अगदी पातळ. पूर्ण वाळला की मगच फिल्म. जाड थरात अडकलेला सॉल्व्हंट गोंद मऊ करतो, शिवाय प्लास्टिकही खातो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. प्रायमरवर बसलेली फिल्म नंतर स्वच्छ निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

लावून झाल्यावर कडा हेअर ड्रायरने कोमट करा, हाताला सोसेल इतक्याच, आणि पुन्हा दाबा. अर्ध्या तासाने आणखी एकदा. फोम पीव्हीसी ६० अंशांपुढे मऊ पडायला लागतो, त्यामुळे त्यावर हीट गन जपून. पाणी सतत लागणाऱ्या बोर्डाच्या कडेवर पारदर्शक लॅमिनेटची १२ मिमीची पट्टी, अर्धी प्रिंटवर आणि अर्धी बोर्डावर, लावली तर पाण्याची वाट बंद होते. दोन प्रिंट जोडताना १० ते १२ मिमी चढवा, आणि कौलांसारखं वरचं खालच्यावर येऊ द्या.

दोन शीट्सच्या सांध्यावरून एकच फिल्म नेऊ नका. ॲक्रिलिक तापमानातल्या दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं, २.४ मीटरची शीट ३० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिमी लांब होते. सांध्यावर फिल्म आधीच दोन तुकड्यांत ठेवा आणि दोन्हीकडे १-२ मिमी मागे संपवा.

पहिले ३ दिवस आणि नंतरची दुरुस्ती

गोंदाची पकड हळूहळू वाढते. लावल्यावर २४ तास बोर्ड आतच, उबदार जागी ठेवा. ७२ तास धुऊ नका. नवीन फिल्म किंवा नवीन शीट असेल तर मोठं काम हाती घेण्याआधी २५ मिमी रुंद पट्टी लावून २४ तासांनी ती पूर्ण मागे दुमडून सावकाश ओढा. फिल्म ताणली जात असेल किंवा चांगला विरोध जाणवत असेल तर पुढे जा. कागदासारखी निघाली तर थांबा. पुढे प्रेशर वॉशरने धुताना त्याची धार कधीही कडेच्या खाली जाईल अशी तिरपी मारू नका.

सुटलेला कोपरा आतून स्वच्छ आणि ताजा असेल तर अल्कोहोलने बोर्डाची बाजू पुसा, कोरड्या कापडाने टिपा, फिल्म कोमट करून दाबा. गोंदावर एकदा धूळ बसली की तो पुन्हा धरत नाही. तेव्हा सुटलेल्या भागाच्या ५ मिमी आत गोलाईत कापून टाका, तिथे नवा तुकडा चढवून लावा किंवा कोरं सोडा. इन्स्टंट ग्लू वापरू नका. तो ठिसूळ वाळतो, उन्हात शीट वाढली की तडकतो, आणि ॲक्रिलिकवर आजूबाजूला पांढरट धुरकट डाग सोडतो.